आमच्या घरात दोघी जणी कामावर आहेत

परवा फोनची मेमरी फुल झाली म्हणून जुने फोटो डिलीट करत बसले होते, तर 2022 मधला एक फोटो सापडला. मी खाली चटईवर बसलेली, समोर स्टुलावर लॅपटॉप, त्यात टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) उघडी, आणि मागे झोळीत बारकी झोपलेली. हाच फोटो मी तेव्हा इथे टाकला होता आणि वर लिहिलं होतं की घर आणि काम दोन्ही जमतं, फक्त मनात पाहिजे. खूप जणींनी कौतुक केलं, काही जणींनी मेसेज करून विचारलं की ताई तुम्ही कसं जमवता, आणि मी त्यांना सकाळी पाचपासूनचं टाइमटेबल लिहून पाठवलं होतं.

परवा सापडला तो मूळ फोटो, न कापलेला. त्यात उजव्या कोपऱ्यात एक हात आहे. हिरव्या काचेच्या बांगड्या आणि मुठीत झोळीची दोरी. तो हात आईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा. फोटो बरा दिसावा म्हणून मी तेवढा भाग कापला होता, तेव्हा त्यात काही वाटलं पण नाही. परवापासून मात्र ते डोक्यातून जात नाही म्हणून आज सविस्तर लिहिते.

आधी माझं काम सांगते, कारण गावात अजूनही बऱ्याच जणांना वाटतं की मी दिवसभर मोबाइलवर काहीतरी पाहत असते. आम्ही दारव्हा तालुक्यात राहतो, यवतमाळ जिल्हा. आधी अमरावतीला होतो, यांची तिथे नोकरी होती आणि मी एका ऑफिसात अकाउंटचं काम करायची. 2018 ला मुलगा झाला. कायद्याने 26 आठवड्यांची पगारी रजा मिळते हे मी ऐकून होते, 2017 ला तशी दुरुस्ती झाली होती, रजा संपल्यावर मालकाशी बोलून घरून काम करता येईल असंही त्यात आहे, आणि 50 किंवा जास्त लोक असतील तर पाळणाघर पाहिजे असंही आहे. पण तो कायदा लागतो 10 किंवा जास्त लोक असलेल्या ठिकाणी आणि आमच्या ऑफिसात आम्ही पाच जण. तीन महिन्यांत कामावर गेले. त्या दिवसांबद्दल जास्त लिहवत नाही.

मग 2020 चं लॉकडाऊन आलं, यांची नोकरी गेली, आम्ही गावी आलो ते इथेच राहिलो. हे शेती पाहतात, पाच एकर, कापूस, तूर आणि थोडं सोयाबीन. मी त्याच ऑफिसचं काम घरून करते. किराणावाले, कृषी केंद्रवाले, हार्डवेअर, एक जिनिंगवाले, असे मिळून 22 जणांचे हिशेब माझ्याकडे आहेत. महिन्याच्या 7 तारखेला टीडीएस म्हणजे कापून घेतलेला टॅक्स भरायचा, 11 ला जीएसटीआर-1 म्हणजे विक्रीचा जीएसटी रिटर्न, 20 ला 3बी म्हणजे जीएसटी भरायचा रिटर्न. 3बी ला उशीर झाला तर दिवसाला 50 रुपये लेट फी आणि टॅक्स राहिला असेल तर त्याच्यावर 18 टक्के व्याज वेगळं. तारखेला लेकराचा ताप समजत नाही, लाइट गेलेली समजत नाही. नेट फक्त स्लॅबवर नीट येतं म्हणून मे महिन्यात पण मी संध्याकाळी वर जाऊन रिटर्न भरलेले आहेत, स्लॅब असा तापलेला असतो की चटई टाकली तरी बसवत नाही.

तर हे सगळं करताना लेकरं कोणाजवळ होती? 2021 ला मुलगी झाली, मुलगा तीन वर्षांचा. आईंजवळ होती. हे एवढं साधं उत्तर मी दोन वर्षं कोणालाच दिलं नाही.

आमच्या आई तेव्हा 57 वर्षांच्या होत्या. घरचं निंदण, घरची वेचणी होतीच, वरून दुसऱ्याच्या वावरात रोजानं जायच्या, बायांची त्यांची ठरलेली टोळी होती सात-आठ जणींची. दसऱ्यानंतर कापसाचा पहिला वेचा, म्हणजे पहिली वेचणी, सुरू झाली की त्या घरात थांबायच्याच नाहीत. सकाळी भाकर बांधून निघायचं, कापूस टाकायला कमरेला ओटी बांधायची, संध्याकाळी काट्यावर कापूस मोजून हिशेब तोंडपाठ. किलोला 10 रुपये आणि दिवसाला 30-35 किलो, म्हणजे सीझनमध्ये रोजचे तीन-साडेतीनशे रुपये त्यांच्या स्वतःच्या हातात. त्यातून त्या मुलाला खाऊ आणायच्या, ननंदबाईंना चोळीबांगडी करायच्या, भिशी भरायच्या. कोणाला विचारायची गरज नव्हती.

मुलगी झाली आणि माझं काम वाढलं तसं हे बंद झालं. कोणी त्यांना बंद करा म्हणालं नाही. कोणी तसं विचारलंच नाही. आज थांबा, उद्या थांबा, माझी 11 तारीख आहे, असं करत करत बंद झालं.

मला ते कळलं ते पण असंच, अचानक. दिवाळीच्या आधीची गोष्ट, सकाळचे साडेसात झाले असतील, मी आत लॅपटॉप लावून बसलेली. टोळीतल्या एक काकू दारात आल्या, "चाल वं, बोंडं फुटून राहिले सारे, बाया कमी पडून राहिल्या." आणि आई म्हणाल्या, "नाई जमत वं बाई, सुनेची वीस तारीख हाय."

त्यांना जीएसटी म्हणजे काय ते माहीत नाही पण माझी वीस तारीख पाठ होती. माझा हात कीबोर्डवर तसाच राहिला. मी त्या वेळेला हार्डवेअरवाल्यांच्या खर्चाची एन्ट्री करत होते, हमाली 40 रुपये. चाळीस रुपयांची हमाली मी दुसऱ्याच्या बुकात लिहिते, ती लिहिल्याशिवाय नफा खरा निघत नाही हे मला बी.कॉम.च्या पहिल्या वर्षापासून माहीत आहे, आणि माझ्या स्वतःच्या घरात रोजचे तीनशे रुपये कोणीतरी सोडून देत होतं ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. माझा पगार सगळ्यांना माहीत होता, यांच्या मित्रांनासुद्धा. तो ज्याच्यावर उभा होता ते कोणालाच दिसत नव्हतं, आणि ते झाकणारी मीच होते, तो फोटो कापून.

रात्री यांच्याशी बोलले. म्हटलं आईंना महिन्याला 6000 द्यायचे, माझ्या पगारातून, त्यांच्या खात्यात. हे आधी गप्प राहिले, मग म्हणाले लोक काय म्हणतील, घरच्या माणसाला पगार देते म्हणतील. पण नाही म्हणाले नाहीत. आई मात्र चिडल्या. "नातवाले सांभाळाचे पैसे घेऊ का मी? मायंच लेकरू हाय ना ते?" आणि तीन दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत. मला खूप वाईट वाटलं कारण त्यांचं पण बरोबरच होतं, माया मोजायची नसते. चौथ्या दिवशी चुलीजवळ बसून मी त्यांना म्हटलं, आई, हे नातवंडांचे नाहीत, ती तर तुमचीच आहेत, हे तुमच्या बुडालेल्या वेच्याचे आहेत. त्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "वेच्याचे असतीन तर दे."

तेव्हापासून आमच्या घरात त्याला वेच्याचे पैसेच म्हणतात. एक तारखेला त्या विचारतात, "आले का वं वेच्याचे?" आणि ते विचारताना त्यांच्या आवाजात संकोच नसतो, मला तेच पाहिजे होतं.

गावात बोलणं झालंच. एक जण यांना म्हणाले की त्यांना लाडकी बहीणचे पंधराशे येतात ना, अजून कशाला पाहिजे. ते पंधराशे सरकार देतं, त्यांच्या हक्काचे आहेत. माझ्याकडे त्यांचं जे निघतं ते मलाच द्यावं लागेल, दोन्हीचा एकमेकाशी काय संबंध?

अंगठ्याची गोष्ट सांगायची राहिली. पैसे काढायला आम्ही गावातल्या बँक मित्राकडे जातो, आधार नंबर सांगायचा आणि मशीनवर अंगठा ठेवायचा. पहिल्या महिन्यात आईंचा अंगठा घेईच ना. पाण्याने धुतला, पदराला पुसला, दुसरं बोट लावून पाहिलं, मशीन लाल. बोंडाची टोकं टोचून टोचून आणि विळ्यानं, मातीनं त्यांच्या बोटांवरच्या रेषा पुसल्यासारख्या झाल्या होत्या. तिथेच उजेडात मी पहिल्यांदा त्यांचा तळहात एवढ्या जवळून पाहिला, इतकी वर्षं एका घरात राहून. चार-पाच वेळा केल्यावर एकदाचा डाव्या हाताच्या मधल्या बोटाने पास झाला.

आता माझं मत. घरून काम करणाऱ्या आईचे जे फोटो आणि रील आपण टाकतो ना, त्यात लेकरू मांडीवर असतं आणि लॅपटॉप पुढं असतो, ते एका वेळेला होत नाही. पाच मिनिटं होतं, फोटोपुरतं. सलग तीन तास आकडे जुळवायचे असतील तर लेकरू दुसऱ्या कोणाकडे तरी पाहिजे, आणि तो दुसरा कोणीतरी जवळजवळ नेहमी बाईच असते. सासू, आई, नाहीतर मोठी पोरगी, जिची शाळा बुडते. सरकारचं वेळेच्या वापराचं सर्वेक्षण आहे 2024 चं, त्यात घरातलं बिनपगारी काम जे करतात त्यांच्यात बाया दिवसाला 289 मिनिटं देतात आणि पुरुष 88. जवळजवळ पाच तास आणि दीड तास. मी पगार कमवायला लागले म्हणून माझ्या घरातले पाच तास कमी झाले नाहीत, त्यातले बरेच आईंच्या अंगावर गेले.

म्हणून "मनात पाहिजे" हे मी जे लिहिलं होतं ते चुकीचं होतं आणि ते मी आज परत घेते. पुसदकडच्या एका ताईने तेव्हा मला लिहिलं होतं की घरात मोठं कोणी नाही, लेकराला मोबाइल देऊन दार लावून काम करते, ते रडत राहतं, मी वाईट आई आहे का. आणि मी तिला टाइमटेबल पाठवलं! ताई, तुम्ही हे वाचत असाल तर माझी चूक झाली. तुमच्यात काही कमी नव्हतं, तुमच्याजवळ दुसरे दोन हात नव्हते. ते हात मिळायला पाहिजेत. अंगणवाडी काही तासांची असते, आमची बारकी दुपारी घरी येते, त्यानंतरचं काय? अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवायची केंद्राची पाळणा योजना आहे, सहा महिने ते सहा वर्षांच्या लेकरांसाठी. वेचणीला जाणाऱ्या आईलाही त्याची गरज आहे आणि माझ्यासारखीलाही. ग्रामसभेत बचत गटांबद्दल आपण बोलतो तसं याच्याबद्दलही बोलायला पाहिजे, मी येत्या सभेत बोलणार आहे.

सगळ्यांना पैसे देणं जमणार नाही हे मला समजतं, पगारच सात-आठ हजार असेल तर कुठून देणार. पण मग निदान सांगा तरी. चारचौघांत सांगा की माझं काम हिच्यामुळे चालतं. तिच्या गुडघ्याचा डॉक्टर आधी करा, तिला दुपारी तासभर आडवं होऊ द्या. आणि घरातल्या पुरुषांना पण कामाला लावा. यांना आधी चहासुद्धा येत नव्हता, आता 18 ते 20 तारखेला रात्रीचा स्वयंपाक यांच्याकडे असतो, खिचडी, बेसन आणि भात. पोळ्या अजून येत नाहीत, शिकून राहिले.

या महिन्यात आईंनी पहिल्यांदा सुट्टी मागितली. माहेरी भावाच्या नातवाचं बारसं आहे, नेमकं 20 तारखेला. त्या स्वतःच म्हणाल्या की तुयी तारीख हाय, मी नाई जात, मामा समजून घेतीन. मी म्हटलं, जा. यांनी त्या दिवसाचं फवारणीचं काम पुढं ढकललं, मी 22 पैकी 15 जणांचे रिटर्न 17 पर्यंतच भरून टाकणार आहे आणि बाकीच्यांना आजच फोन करून बिलं मागवली. आईंनी पेटीतून जांभळं लुगडं काढून उन्हात टाकलंय. दिग्रसची एसटी सकाळी सव्वासातला आहे.