सरकारी विमा आला, तर आमच्या करारातल्या पैशाचं काय?

अमेरिकेत सर्वांसाठी सरकारी आरोग्य विम्याचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो, आणि तो विचारतात युनियनचेच लोक. "आम्ही संप करून, पगारवाढ सोडून हा विमा मिळवला. आता तो सगळ्यांना सारखाच मिळणार, मग आम्ही कशासाठी झगडलो?" मी इथे नोकरी करते आणि आमच्या युनियनच्या वाटाघाटी समितीवर आहे, त्यामुळे हा प्रश्न मला सतत ऐकावा लागतो. माझं मत स्पष्ट आहे. सरकारी विमा आला तर युनियनच्या कामगारांचा फायदाच आहे, पण एका अटीवर. आज कंपनी आमच्या विम्यावर जो पैसा खर्च करते, तो आमच्या पगारात आला पाहिजे, आणि तशी हमी कायद्यात आणि करारात लिहिलेली पाहिजे. ती नसेल, तर या लोकांची भीती रास्त आहे.

मुळात हा विमा म्हणजे आमचाच पगार आहे. दुसऱ्या महायुद्धात, 1942 साली, सरकारने पगारवाढीवर बंधनं घातली, पण विम्यासारख्या सवलती त्यातून वगळल्या. माणसं टिकवायची म्हणून कंपन्या विमा देऊ लागल्या. कंपनीने भरलेल्या हप्त्यावर कामगाराला कर लागणार नाही, हे 1954 च्या करकायद्याने पक्कं केलं. मोठ्या युनियनना खरं तर राष्ट्रीय विमाच हवा होता. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी 1945 मध्ये तो मांडलाही, पण डॉक्टरांच्या संघटनेने कडाडून विरोध केला आणि तो बारगळला. मग ऑटो कामगारांच्या युनियनने 1950 मध्ये जनरल मोटर्सशी पाच वर्षांचा करार केला आणि पेन्शनबरोबर विमाही पदरात पाडून घेतला. सरकारकडून मिळेना, म्हणून मालकाकडून घेतला, असा हा इतिहास आहे.

तरीही ज्यांनी तो घेतला, त्यांचा अभिमान मला समजतो. लास व्हेगासच्या हॉटेल कामगारांची कलिनरी युनियन घ्या. खोल्या साफ करणाऱ्या, भांडी घासणाऱ्या माणसांचा स्वतःचा आरोग्य निधी आहे, स्वतःचं आरोग्य केंद्र आहे, औषधांचं दुकान आहे, आणि सभासदाला दरमहा हप्ता भरावा लागत नाही. याच युनियनच्या लोकांनी फ्रंटियर हॉटेलसमोर 1991 ते 1998 असा सहा वर्षांहून अधिक काळ संप चालवला. सुमारे साडेपाचशे कामगार होते, त्यातला एकही संप मोडून आत गेला नाही. अशा माणसांना "तुमच्या योजनेपेक्षा चांगली योजना येतेय" असं कुणी उंटावरून सांगितलं, तर त्यांनी विश्वास का ठेवावा? फेब्रुवारी 2020 मध्ये, लास व्हेगास ज्या राज्यात आहे त्या नेवाडात डेमोक्रॅटिक पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडायच्या वेळी, या युनियनने सभासदांना पत्रक काढून बजावलं की सर्वांना सरकारी विमा देऊ म्हणणारे इच्छुक उमेदवार बर्नी सँडर्स यांच्या योजनेमुळे आपली आरोग्यसेवा संपेल. त्यानंतरही सँडर्स नेवाडात जिंकले, आणि कसिनोंमध्ये झालेल्या मतदानातही अनेक ठिकाणी पुढे राहिले. मला त्यात एक गोष्ट दिसते. स्वतःला चांगला विमा असलेल्या कामगाराचाही भाऊ, मुलगी, शेजारी विम्याविना असतो, आणि नोकरी गेली की आपलाही विमा जातो हे त्याला पक्कं माहीत असतं.

आता वाटाघाटीच्या टेबलावर काय होतं ते सांगते. बाहेरच्यांना वाटतं, तिथे पगारावर भांडण होतं. आमच्याकडे गेल्या वेळी व्यवस्थापनाने पहिला कागद पुढे सरकवला तो विम्याच्या नव्या दराचा. हप्ता इतका वाढलाय, तेव्हा एक तर तुमचा वाटा वाढवा, नाहीतर डॉक्टरकडे जाताना खिशातून जास्त भरा, नाहीतर पगारवाढ विसरा. पुढच्या सगळ्या बैठका त्या एका कागदाभोवती फिरल्या. सुट्ट्या, शिफ्टच्या वेळा, कमी माणसांवर पडणारं काम, यातलं काहीच धड बोलून झालं नाही. शेवटी विमा होता तसा राखला, आणि लोक म्हणाले, जिंकलो. पगार जवळजवळ जागच्या जागी होता.

बांधकामाच्या युनियनमध्ये तर हे आणखी उघड दिसतं. तिथे बऱ्याच करारांत तासाला अमुक डॉलर अशी एकगठ्ठा वाढ मिळते आणि ती पगार, पेन्शन आणि आरोग्य निधी यांत कशी वाटायची हे सभासदांनी ठरवायचं असतं. समजा तासाला दोन डॉलर मिळाले आणि निधी टिकवायलाच त्यातला सव्वा डॉलर गेला, तर घरी पाऊणच येतो. शिवाय विमा चालू राहायला कामाचे ठरावीक तास भरावे लागतात. मंदी लांबली आणि साठवलेले तास संपले की विमाही संपतो.

कंपनीमार्फत मिळणाऱ्या कुटुंब विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता 2024 मध्ये 25,572 डॉलर होता. त्यातले साधारण 6,300 डॉलर कामगाराच्या पगारातून कापले गेले. उरलेले कंपनी भरते, असं म्हणायची पद्धत आहे. पण ते आमच्या श्रमाच्याच हिशोबातले आहेत, एवढं टेबलावर एकदा बसलं की कळतं.

संपाच्या वेळी मालक सगळ्यात आधी विम्याची नस दाबतो. सप्टेंबर 2019 मध्ये जनरल मोटर्सचे सुमारे 48,000 कामगार संपावर गेले आणि दुसऱ्याच दिवशी कंपनीने त्यांचा विमा बंद केला. युनियनच्या संपनिधीतून आठवड्याला मिळणार होते 250 डॉलर. ज्याची शस्त्रक्रिया ठरलेली आहे, जिची प्रसूती तोंडावर आली आहे, त्यांच्या घरात त्या रात्री काय बोलणं झालं असेल? देशभर टीका झाली तेव्हा दहाएक दिवसांत कंपनीने निर्णय फिरवला. व्हेरायझन या टेलिफोन कंपनीच्या 2016 च्या संपातही जवळपास चाळीस हजार लोकांचा विमा असाच तोडला होता. विमा मालकाच्या हातात नसेल, तर हे हत्यारही त्याच्या हातात राहत नाही. माझ्या दृष्टीने युनियनसाठी सगळ्यात मोठा फायदा हाच. पगारापेक्षाही मोठा.

आमच्या विभागात एक जण आहेत, वय बासष्ट. गुडघे गेलेत, निवृत्त व्हायचंय. पण बायकोचा विमा त्यांच्या नोकरीवर आहे, म्हणून दोघांना मेडिकेअर लागू होईपर्यंत ते थांबलेत. मेडिकेअर म्हणजे पासष्ट वर्षांवरच्या लोकांचा सरकारी विमा, 1965 च्या कायद्याने आलेला. त्या कायद्यासाठी युनियन जिवाचं रान करून लढल्या होत्या. तो आल्यावर निवृत्तांसाठीच्या युनियनच्या योजना मोडीत निघाल्या नाहीत. मूळ खर्च सरकारने उचलला आणि जिथे मेडिकेअर अपुरी पडते तिथली भर या योजना घालू लागल्या. आज कुणी आमच्या निवृत्त सभासदांकडे मेडिकेअर परत मागायला जाऊन बघावं!

कॅनडातही हेच दिसतं. तिथे 1966 च्या कायद्यानंतर डॉक्टर आणि रुग्णालयाचा खर्च सरकारी विम्यातून होतो, आणि युनियन औषधं, दात, चष्मा यांसाठी करार करतात. तिथे सुमारे 30 टक्के कामगार युनियनमध्ये आहेत, अमेरिकेत 2024 मध्ये 10 टक्केसुद्धा नव्हते. विमा हातातून गेला की युनियनला काम उरणार नाही, हे म्हणणं मला म्हणूनच पटत नाही.

अडचण खरी आहे ती पैशाची. कंपनीचा हप्ता वाचला, तर तो पैसा आपोआप पगारात येत नाही. तो भागधारकांकडेही जाऊ शकतो. आणि पगारात आलाच, तर त्यावर कर लागेल, जो आज हप्त्यावर लागत नाही. नव्या योजनेसाठीचा कर आणखी वेगळा. चांगला करार असलेल्या कामगाराने हा हिशोब मागितला, तर त्याला स्वार्थी म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. सँडर्स यांनी ऑगस्ट 2019 मध्ये मांडलं होतं की युनियन असलेल्या कंपन्यांना सरकारच्या कामगार मंडळाच्या देखरेखीखाली नव्याने वाटाघाटी कराव्या लागतील आणि वाचलेला पैसा कामगारांना द्यावा लागेल. हे कलम अशा कायद्याचा कणा असायला हवं. सरकारी विमा आल्यावर आरोग्य निधीच्या कार्यालयात विम्याचे दावे तपासणाऱ्या आमच्याच सभासदांच्या नोकऱ्या जातील, त्यांची सोयही त्यात हवी.

पण कायदा होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायची गरज नाही. पुढच्या करारासाठी मी आमच्या समितीपुढे एक कलम ठेवलं आहे: कराराच्या काळात सरकारी विमा लागू झाला, तर त्या दिवशी कंपनी आमच्या विम्यासाठी माणशी जेवढी रक्कम भरत असेल, त्यातून नव्या योजनेसाठी तिला भरावा लागणारा कर वजा करून उरलेली सगळी रक्कम तासाच्या पगारात मिळवली जाईल. व्यवस्थापन पहिल्या बैठकीत नाही म्हणणार, हे गृहीत धरलंय. तुमच्या युनियनचा करार संपत आला असेल, तर हा मजकूर घ्या, आपल्या वकिलाकडून तपासून घ्या, आणि मागण्यांच्या यादीत विम्याच्या दराच्या वर ठेवा.