‘नोकरी गेली? अभिनंदन!’ या मेसेजला उत्तर

नातेवाइकांचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, शाळेचा ग्रुप, तिन्हीकडे हा मेसेज मला आला. ‘नोकरी गेली? अभिनंदन!’ अशी सुरुवात आणि पुढे पाच सल्ले: राजीनामा देऊन सन्मानाने बाहेर पडा, पीएफ काढून स्वतःचं काहीतरी सुरू करा, नवीन काम लागेपर्यंत कुणाला सांगू नका, मोकळ्या वेळात नवं काही शिका, आणि जे होतं ते चांगल्यासाठीच. चाकणच्या एका कारखान्यात साडेआठ वर्षं काढून मी बाहेर पडलो, तेव्हा यातले दोन सल्ले अक्षरशः पाळले होते. दोन्ही महागात पडले.

‘राजीनामा देऊन सन्मानाने बाहेर पडा.’ एचआरच्या टेबलावर माझा राजीनामा आधीच टाइप करून ठेवलेला होता. ‘वैयक्तिक कारणास्तव’ असं त्यात लिहिलेलं, खाली फक्त सहीची जागा रिकामी, शेजारी टोपण काढलेलं पेन. ‘टर्मिनेशन लागलं तर पुढे कुठेच घेणार नाहीत’ असं सांगितलं गेलं आणि मी सही केली. त्या सहीची किंमत नंतर कळली. कामगार या व्याख्येत बसणाऱ्या माणसाला वर्षभर सलग काम झाल्यावर नोकरकपातीत कमी करायचं, तर महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि पूर्ण झालेल्या दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होतं, २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. माझ्या आठ वर्षांचे जवळपास चार महिन्यांचे पगार झाले असते. स्वखुशीने राजीनामा दिला असं कागदावर आलं की ती कपात राहतच नाही. व्यवस्थापकांना हे संरक्षण नाही, पण नेमणूकपत्रातली नोटिशीची अट त्यांनाही आहे. आणि पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी राजीनाम्यानंतरही मिळते, ती सोडू नका. सही तिथल्या तिथे करायचीच असं कुठल्याही कायद्यात नाही. ‘घरी नेऊन वाचतो, उद्या सांगतो’ म्हणण्यात कसला अपमान?

‘पीएफ काढून धंदा टाका.’ सलग पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आत पीएफ काढला तर साधारणपणे कर लागतो. त्याहून मोठं नुकसान पीएफसोबतच जमा होणाऱ्या पेन्शनचं. तिच्यासाठी दहा वर्षांची सेवा लागते. आठ वर्षांनी पेन्शनचे पैसे काढून घेतले की पुढच्या नोकरीत मोजणी पुन्हा शून्यापासून. तेच खातं नव्या कंपनीत वर्ग केलं, तर आणखी दोनच वर्षं पुरतात. ज्या महिन्यात घराचा हप्ता कुठून भरायचा हे ठाऊक नसतं, त्या महिन्यात आयुष्यभराची पुंजी धंद्यात घालायला सांगणं मला क्रूरपणाचं वाटतं.

‘मोकळ्या वेळात शिका.’ हा वेळ मोकळा नसतो. १९३०च्या सुमारास ऑस्ट्रियातल्या मारिएनटाल गावातली कापडगिरणी बंद पडली. मारी याहोडा ही समाजमानसशास्त्रज्ञ आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथल्या घराघरांचा अभ्यास केला. गावाच्या वाचनालयाची फी माफ झाली होती, लोकांकडे दिवसभर वेळ होता, तरी पुस्तकं नेण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. रस्त्यावरून जाणारे पुरुष सावकाश चालत, पुन्हा पुन्हा थांबत. ती माणसं आळशी नव्हती. म्हणून पहिल्याच आठवड्यात कोर्स जमला नाही तर स्वतःला बोल लावू नका. सकाळी उठायची वेळ तेवढी सांभाळा.

‘चांगल्यासाठीच’ याबद्दल एवढंच, की आता मला पगार कमी आहे आणि प्रवास जास्त. तरी काम आहे आणि घर चालतंय.

तिसरा सल्ला मुद्दाम मागे ठेवला. ‘कुणाला सांगू नका.’ मी अकरा दिवस घरी सांगितलं नाही. रोज सकाळी बायको डबा भरून द्यायची, मी तो घेऊन निगडीच्या दुर्गा टेकडीवर जाऊन बसायचो. दुपारी पोळी-भाजी खायचो, डबा तिथल्याच नळावर विसळायचो आणि शिफ्ट सुटायच्या वेळेला घरी परतायचो. बाराव्या दिवशी तिनेच विचारलं, ‘अहो, डबा रोज धुऊन कसा येतो?’ कंपनीत असताना मी तो कधीच धुतला नव्हता. त्या रात्री सगळं बोललो. दुसऱ्या दिवशी तिने तिच्या भावाला कळवलं, मी जुन्या ओळखींना फोन लावत सुटलो.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली मांडलं, की नोकरीची खबर बहुतेक वेळा जिवलगांकडून येत नाही, अधूनमधून भेटणाऱ्या ओळखीच्या माणसांकडून येते. जवळच्यांना जे ठाऊक असतं ते आपल्यालाही ठाऊक असतंच. माझं काम असंच लागलं. कंपनीत टेम्पोतून माल घेऊन यायचा आणि चलनावर माझी सही घ्यायचा, तो माणूस. तळेगावच्या एका युनिटमध्ये स्टोअरला कुणीतरी हवंय, हे त्याच्या कानावर आलं होतं. मी फोन केला तेव्हा त्याला माझं नाव पटकन आठवलं नाही, सही मात्र आठवली.