मृत्यूच्या नोंदीतली 'देवी' म्हणजे बळी नव्हे

साताऱ्यातल्या आमच्या भाऊबंदांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गावच्या जुन्या मृत्यू नोंदवहीच्या पानाचा फोटो फिरतोय. त्यात आमच्या घराण्यातल्या तीन मुलांपुढे कारण लिहिलंय, 'देवी'. खाली मजकूर: 'ही मुलं देवीला बळी दिली होती.'

हे साफ चूक आहे. देवी हा रोग. अंगभर फोड यायचे, वाचलेल्याच्या तोंडावर व्रण राहायचे, काहींचे डोळे जायचे. लोक तो देवीचा कोप मानत, म्हणून नावही तेच. घरातल्या म्हाताऱ्यांच्या दंडावरचा गोल वण आठवा. लस टोचण्याला आपल्याकडे 'देवी काढणं' म्हणत. भारतातला हा रोग 1975 मध्ये थांबला, 1980 मध्ये जगातून गेल्याचं जाहीर झालं.

त्याच पानावरची 'पटकी' म्हणजे कॉलरा, 'गाठीचा ताप' म्हणजे प्लेग. नुसता 'ताप' असेल तर साल बघा. 1918 च्या शेवटचे महिने असतील, तर बहुधा इन्फ्लुएन्झाची साथ. एरवी हिवतापापासून विषमज्वरापर्यंत काहीही त्या एका शब्दात बसायचं.

ती तीन लेकरं आजाराने गेली. त्यांच्या आईबापांवर खुनाचा डाग लावणारा तो मजकूर कृपया पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर हा खुलासाही तिथेच टाका.