'कुठलाही जाड कागद लेझरवर चालतो' हे खरं नाही

लग्नसराई आली की एक मेसेज फिरायला लागतो: "पत्रिकेला छापखाना कशाला? ऑफिसच्या लेझर प्रिंटरवर कुठलाही जाड, चकचकीत कागद चालतो. जीएसएम जास्त म्हणजे छपाई उत्तम. कागद दमटला तर इस्त्री फिरवा. अर्धी वापरलेली स्टिकरशीट पुन्हा घाला." मी प्रिंटर दुरुस्त करतो. यातला प्रत्येक सल्ला पाळून बिघडलेलं मशीन माझ्या टेबलावर येऊन गेलंय.

आधी चकचकीत कागद, कारण सगळ्यांत महाग नुकसान तिथे होतं. लेझरमध्ये शाई नसते, टोनरची पूड असते. ती कागदावर पक्की बसते फ्यूजरच्या तापलेल्या रोलरखाली, साधारण २०० अंश सेल्सिअसला. इंकजेटच्या, म्हणजे पातळ शाई फवारणाऱ्या प्रिंटरच्या, बऱ्याच फोटोपेपरांत पॉलिथिलीनचा थर असतो आणि तो त्याच्या कितीतरी आधी वितळतो. पान रोलरला चिकटतं, ते खरवडायला गेलं की रोलरचं आवरण निघतं, आणि मग अख्खा फ्यूजर बदलावा लागतो. इंकजेटच्या ओएचपी शीटचंही (प्रोजेक्टरवर ठेवायच्या पारदर्शक प्लास्टिक पानाचंही) तेच. पाकिटावर 'लेझर' लिहिलेलं नसेल तर तो कागद घालूच नका. सुटा कागद असेल तर ओलसर बोट कोपऱ्यावर टेकवा. चिकट लागला तर तो इंकजेटचा समजा.

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ए-फोर त्याचा सोळावा भाग, म्हणून ८० जीएसएमचं पान ५ ग्रॅम भरतं. त्यावरून सुबकपणा कळत नाही, जाडीही नेमकी कळत नाही: दाबून गुळगुळीत केलेला १३० जीएसएमचा आर्ट पेपर ८०च्या साध्या कागदाइतकाच पातळ असू शकतो. खालच्या ट्रेमधून कागद वळण घेत वर जातो, आणि जाड कार्ड त्या वळणात अडकतं. तेव्हा पुस्तिकेतली कमाल मर्यादा बघा, कार्ड बायपास ट्रेमधून (हाताने कागद घालायच्या वेगळ्या ट्रेमधून) एकेक घाला आणि मागचं झाकण उघडत असेल तर तिकडून सरळ बाहेर येऊ द्या. शिवाय सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार 'हेवी' निवडा. हे लोक हमखास विसरतात, मग टोनर नीट पक्का बसत नाही, अक्षरं नखाने निघतात आणि दोष टोनरला देतात.

इस्त्रीने कागद एका बाजूने जास्त सुकतो आणि वळतो. कोकणातल्या पावसाळ्यात उघडा कागद दमटणारच, म्हणून लागेपर्यंत रिम, म्हणजे कागदाचा बंद गठ्ठा, फोडू नका. उरलेला कागद त्याच वेष्टनात गुंडाळून आडवा ठेवा. एसीच्या खोलीत आणलेली रिम रात्रभर बंदच राहू द्या, आणि ट्रेमध्ये घालण्याआधी गठ्ठा फुलवून घ्या.

अर्धी स्टिकरशीट तर कधीच नको. उघड्या कडेचा गोंद गरम होऊन रोलरवर येतो, सैल स्टिकर आतच सुटतो.

राहिला हातकागद. पुण्यात १९४० पासून तो बनतो आणि पत्रिकेला फार शोभतो, माझाही आवडता. पण त्याची जाडी जागोजागी वेगळी असते, सुटे धागे आणि दाबलेल्या पाकळ्या आत गळतात, ड्रमवर, म्हणजे पानाची प्रतिमा ज्यावर तयार होते त्या नळकांड्यावर, ओरखडे पडतात. त्यावर स्क्रीन प्रिंटिंगच करून घ्या, छापखान्यात जाऊन.