हालचाली थांबल्या म्हणून पेनिसिलिन थांबवायचं नसतं

वहिनीने काल एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, "ताई, मग पिंकीचं पुढचं इंजेक्शन नको का द्यायला?" त्यात म्हटलंय की मुलांचे हातपाय वेडेवाकडे हलणं हा मोबाइलचा परिणाम, हळद-दुधाने बरं होतं, एरवीही आपोआप जातंच, तेव्हा वर्षानुवर्षं दिली जाणारी पेनिसिलिनची इंजेक्शनं म्हणजे लूट, वर जिवाला धोका. असलं काही वाचून एखाद्या आईने डोस चुकवला तर निस्तरणार कोण?

मोबाइलचं आधी संपवते. या हालचालींच्या आजाराला कोरिया म्हणतात, आणि सिडनहॅम या इंग्रज डॉक्टरने त्याचं वर्णन १६८६ मध्येच केलंय. घशात स्ट्रेप्टोकॉकस या जिवाणूचा संसर्ग होतो आणि त्याच्याशी लढायला तयार झालेली प्रतिपिंडं मेंदूतल्या हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या भागावरच उलटतात. तेही घसा बरा होऊन बरेचदा काही महिने लोटल्यावर, त्यामुळे कुणाला संबंधच लागत नाही. हातातून वाटी पडते, अक्षर बिघडतं, मूल उगाच रडतं आणि शाळेत ओरडा खातं. हळद-दूध खुशाल द्या, पण ते यावरचं औषध नव्हे.

'आपोआप जातं' हे अर्धं खरं, मान्य. बहुतेकांच्या हालचाली काही आठवड्यांत किंवा महिन्यांत थांबतात. पण इंजेक्शन त्यासाठी नसतंच! मूळ दुखणं घशाच्या याच संसर्गातून येणाऱ्या रुमॅटिक तापाचं आहे आणि तो हृदयाच्या झडपा धरतो. पुन्हा तसाच घसा धरला की नवा हल्ला, झडपा आणखी खराब. तो हल्ला अडवायला पेनिसिलिन. युगांडात ८१८ मुलांवर अभ्यास झाला, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये तो छापून आलाय. या मुलांच्या झडपांवर फक्त इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, दिसेल एवढीच आजाराची सुरुवात होती. दर चार आठवड्यांनी इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी दोन वर्षांत ०.८ टक्के मुलांचा आजार वाढला, न घेणाऱ्यांपैकी ८.२ टक्के मुलांचा. आणि लूट कसली? इतकं जुनं, स्वस्त औषध आहे हे. हृदय शाबूत असलं तरी ते किमान ५ वर्षं किंवा वयाच्या २१ व्या वर्षापर्यंत, जे नंतर येईल तोवर घ्यायचं असतं.

राहिला जिवाचा धोका. गंभीर अ‍ॅलर्जी होऊ शकते, पण अगदी क्वचित. युगांडात हजारो डोसांमागे एकदाच तशी रिअ‍ॅक्शन आली, तीही सौम्य. ज्यांच्या झडपा आधीच फार खराब आहेत त्यांना मात्र इंजेक्शन झेपत नाही असं होऊ शकतं. म्हणून अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ मध्ये अशा रुग्णांसाठी गोळ्या सुचवल्या. इंजेक्शनऐवजी गोळ्या. औषध बंद करा असं त्यातही कुठे नाही.