आगाऊ आभार

आमच्या पुण्यातल्या बँकेच्या शाखेला पत्ता बदलण्याचा अर्ज इंग्रजीतच लागतो, त्यामुळे मी तो मुकाट्याने इंग्रजीत लिहिला आणि शाळेत गिरवलेल्या वळणानुसार शेवटी ‘थँकिंग यू इन अँटिसिपेशन’ असे लिहून रांगेत उभा राहिलो. मागच्या गृहस्थांनी माझ्या खांद्यावरून तो सावकाश, अगदी पिनकोडासकट वाचला. ते न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले होते. हातात पासबुक, खिशाला लाल शाईचे पेन आणि पदरी अमाप वेळ.

“अँटिसिपेशन म्हणजे काय हो?”

“अपेक्षा,” मी म्हणालो.

“ते एक्स्पेक्टेशन! पोलीस येणार म्हणून घरात चहा पीत बसलात, तर तुम्ही एक्स्पेक्ट करताय. त्याआधी वकील गाठून कोर्टात पोहोचलात, तर अँटिसिपेट. म्हणून तर अँटिसिपेटरी बेल, अटकपूर्व जामीन! पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४३८, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४८२. आणि गंमत सांगू? १९७३ च्या मूळ कलमात ‘अँटिसिपेटरी’ हा शब्दच नव्हता.”

गंमत त्यांना एकट्यालाच वाटत होती. तेथून ते लॅटिनमध्ये शिरले. ‘आन्ते’ म्हणजे आधी, ‘कापेरे’ म्हणजे घेणे, सबब समोरच्याच्या आधी हालचाल करतो तोच खरा अँटिसिपेट करतो, हे त्यांनी पासबुकावर बोट आपटून पटवले. इंग्रजांच्या भाषाशुद्धीवाल्यांनीही या ढिलाईबद्दल कान उपटले आहेत, हेही ऐकवले. आजचे इंग्रजी कोश ‘अपेक्षा करणे’ हाही अर्थ देतात, असे मी क्षीण आवाजात सुचवताच त्यांनी माझ्याकडे फितूर साक्षीदाराकडे पाहावे तसे पाहिले.

“मुळात काम झालेले नसताना आभार मानणे म्हणजे समोरच्याला नकाराची सोयच न ठेवणे. मराठीत त्याला आगाऊ आभार म्हणतात, आणि ते आगाऊच असतात!”

हे मात्र मला पटले. दाद द्यावी म्हणून मी त्यांच्याकडे वळलो, तेव्हा ते मागे नव्हतेच. व्युत्पत्ती सांगता सांगता माझ्या डाव्या बगलेने पुढे सरकून त्यांनी पासबुक खिडकीत दिलेही होते. ज्ञानदानाला वेळ काढणाऱ्या माणसाने रांगेतही वेळ वाचवावा, याचा राग मला अजून येतो.

माझी पाळी आली तेव्हा बाईंनी अर्ज उलटसुलट केला, त्यातली एकही ओळ न वाचता “आता हा चालत नाही, छापील फॉर्म भरा” म्हणून परत दिला आणि छापील फॉर्म संपले असल्याचेही त्याच दमात सांगितले. म्हणजे ज्या वाक्यावरून माझी भर रांगेत उलटतपासणी झाली, ते वाचण्याची तसदी बँकेने घेतलीच नाही. खिडकीच्या काचेवर ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ असा लॅमिनेट केलेला कागद चिकटवलेला होता. माझी गैरसोय होण्याच्या कितीतरी आधी तो छापून घेतलेला असल्यामुळे शिरस्तेदारांच्या व्याख्येत तो चोख बसत होता. ते स्वतः मात्र तोवर पासबुक भरून घेऊन निघूनही गेले होते.