कोयता सीमेपलीकडे, लसीचा नंबर मुकादमाच्या खिशात

'ऊसतोड मजूर लसीला घाबरतात' असं म्हणून कोविडच्या काळात सगळे मोकळे झाले. घाबरले असतील काही. पण बीडहून बेळगाव जिल्ह्यातल्या कारखान्यांवर जाणाऱ्या टोळ्यांची खरी अडचण तारखेची आणि मोबाईल नंबरची होती.

हिशेब बघा. मे 2021 पासून कोविशील्डच्या दोन डोसांमध्ये किमान 84 दिवस. गावात 20 सप्टेंबरला पहिला घेतला, तर दुसरा 13 डिसेंबरला. तेव्हा कोयता थळावर, म्हणजे तोडणीच्या मुक्कामी, हंगाम ऐन भरात. दुसरा डोस देशात कुठेही मिळे, कर्नाटकातही. फक्त कोविनवर, म्हणजे लसीकरणाच्या सरकारी पोर्टलवर, जुनी नोंद सापडायला तोच मोबाईल नंबर किंवा नोंदणी क्रमांक लागे. एका नंबरवर चारच जणांची नोंद, म्हणून कुणाचं नाव मुकादमाच्या (टोळी नेणाऱ्या ठेकेदाराच्या) फोनवर, कुणाचं भाच्याच्या. भाचा गेलेला दुसऱ्याच कारखान्यावर! मग नवी नोंद करायची, दुसरा डोस पहिला म्हणून चढायचा, आणि 84 दिवस पुन्हा पहिल्यापासून.

त्यात तोडणी पहाटेची, गाडी भरेपर्यंत सुटका नाही. लसीचं केंद्र मात्र दिवसाच उघडं असे. लस घेऊन दुसऱ्या दिवशी अंग तापलं तर खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीच्या (आगाऊ घेतलेल्या रकमेच्या) खात्यावर चढतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एक आडवा झाला की दुसऱ्याचंही काम अडतं. ही लस फुकट कशी?

खरं तर ऊसतोडीइतकी सोयीची माणसं लसीकरणाला मिळणार नाहीत. कोविशील्डच्या एका कुपीत दहा डोस असत, उघडली की चार तासांत संपवावी लागे. दहा कोयत्यांची टोळी म्हणजे नेमक्या दोन कुप्या, एक थेंब वाया नाही. कारखाना साफसफाईला बंद असतो त्याच्या आदल्या संध्याकाळी कोप्यांवर (मजुरांच्या झोपड्यांवर) जायचं, सोबत पॅरासिटामॉल द्यायचं, ताप सुट्टीत निघून जातो. नोंदणी क्रमांक कागदावर मोठ्या अक्षरात लिहून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवायला सांगायचं. फोनवर विसंबायचं नाही.

आजारी माणसाचं त्याहून अवघड. 2021 मध्ये महाराष्ट्रातून कर्नाटकात शिरायला 72 तासांच्या आतला निगेटिव्ह आरटीपीसीआर अहवाल लागे. उपचाराला गावी गेलेला माणूस सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावरून परत कसा येणार? म्हणून तो कोपीतच अंगावर काढायचा. तिथे ऑक्सिमीटर लावताना एक चूक हमखास होते: थंडीत गारठलेल्या, चिकटा-काजळी बसलेल्या बोटाला लावतात आणि ऑक्सिजनचा आकडा खोटाच कमी येतो. हात धुऊन, चोळून गरम करून मिनिटभर थांबायचं. आकडा 94 च्या वर असला तरी सहा मिनिटं चालवून पुन्हा बघायचं. तीनने घसरला तर गाडी बोलवायची, मुकादमाला नंतर विचारायचं.